पांढऱ्या पँटचं अस्तर

सोमा दुकानात आला तेव्हा दोन बायका ब्लाउजच्या गळ्यावरून माझ्याशी हुज्जत घालत होत्या. एरवी आल्या आल्या खुर्ची ओढून चहा मागणारा माणूस, त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला. बायका गेल्या, तसं त्यानं पिशवीतून पांढरं कापड काढलं आणि माझ्या टेबलावर टाकलं.

"पद्या, एक पँट शिवायची. आतून अस्तर लावून."

"पँटला अस्तर? थंडी वाजतेय काय रं तुला?"

"हसू नको. लघवी गळणार हाय माझी. डाक्टर बोल्ला."

मी हसायचा थांबलो. टेलर म्हणून माझी सगळी हयात पोशीरच्या नाक्यावर गेली. माणसं मापं देताना काय काय लपवतात ते मला ठाऊक आहे. कोणी पोट आत ओढतो, कोणी वाकडा पाय सरळ करून दाखवतो. पण इतकं सरळ बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि सोमाच्या तोंडून तर कधीच नाही.

सोमा आमच्याच बौद्धवाडीतला, माझ्याच वयाचा. रेल्वेत गँगमन होता. उभी नोकरी घाटात गेली, पळसदरीच्या वर, खांद्यावर हातोडा टाकून रूळ तपासत. नोकरीत असतानाच शिबिराला बसून तो बौद्धाचार्य झाला, आणि तेव्हापासून इकडे नेरळपासून तिकडे खालापूरपर्यंत लग्न असो, नामकरण असो, की कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, बोलावणं सोमालाच. माझ्या पोरीचं, नंदाचं लग्नही त्यानंच लावलं. ऐन विधीत लाइट गेली, माइक बंद पडला, तरी मांडवाच्या शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला त्याचं पंचशील ऐकू गेलं.

पांढऱ्या कपड्यांचं मात्र त्याला वेड होतं. नुसते पांढरे चालायचे नाहीत, डाग नको, पिवळी झाक नको. एकदा भर मांडवात त्यानं नवऱ्यामुलाच्या काकाला गुटख्याचा डाग पडलेला शर्ट बदलायला लावला होता. काका तणतणत गेला, पण बदलून आला. असा हा माणूस, आणि आता तो मला विचारत होता की पांढऱ्या कापडातून ओल किती वेळात बाहेर दिसते.

त्याच्या प्रोस्टेटमध्ये गाठ निघाली होती, आणि ती साधी नव्हती. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढून टाकू, वाट बघू नका. मात्र नंतर लघवीवरचा ताबा काही महिने जाईल, एखाद्याला वर्षही लागतं. त्याच सुमाराला त्याची नात रिया, त्याच्या मुलाची, नरेशची मुलगी, हिचं लग्न ठरलं. ऑपरेशन संक्रांतीनंतर, लग्न मे महिन्यात, नेरळच्या हॉलवर. रिया पाळण्यात होती तेव्हापासून सोमा सांगत आला होता की हिचं लग्न मी लावणार. गावाची लग्नं लावली, घरातलं हे एकच उरलं होतं. त्याला गाठीची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही, पण बोलताना तो लग्नाचंच बोलायचा.

"उभं राह्यला काय नाय होत," तो म्हणाला. "वांदा हाय तो प्रणामाचा."

त्याचं खरं होतं. आमच्यात वंदना सुरू करताना पंचांग प्रणाम असतो. गुडघे टेकायचे, हात टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं आणि उठायचं, असं तीनदा. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं की खाली वाकून उठताना, खोकताना आणि मोठ्यानं बोलताना पोटावर दाब येतो आणि तेव्हाच गळतं. म्हणजे बौद्धाचार्याचं जे काम, तेच नेमकं वर्ज्य. दुसरा कोणी असता तर त्यानं नातीला लांबून आशीर्वाद दिला असता. सोमा तयारीला लागला.

व्यायाम शिकवणाऱ्या एका पोरीनं त्याला दवाखान्यात सांगितलं होतं, लघवी अडवतो तसं आतून आवळायचं, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचं, मग सोडायचं. ऑपरेशनच्या आधीपासून सुरू करा, म्हणजे नंतर अंग ऐकतं. सोमाला आकडे मोजणं जमेना, मध्येच चुकायचा. मग त्यानं बुद्धं सरणं गच्छामि म्हणत आवळून बघितलं, आणि स्वतःलाच इतका ओशाळला की दोन दिवस व्यायामच केला नाही. "त्रिसरण म्हणत असलं काय करतात व्हय," असं मलाच विचारत होता, जसं काही मीच त्याला ते करायला सांगितलं होतं. शेवटी त्याला घाट सापडला. पळसदरीला आवळायचं. जामब्रुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल, एकेक स्टेशनाचं नाव सावकाश घ्यायचं, आणि खंडाळा आला की सोडायचं. नोकरीभर पायाखालची वाट, तिथं तो चुकणार नव्हता.

तेव्हापासून तो कुठेही बसलेला असो, ओठ हलले की मला समजायचं, गाडी घाटात आहे. त्याची बायको, भीमाबाई वैनी, वैतागायच्या. भाकरी वाढून विचारायच्या, आमटी देऊ का, आणि हा नुसता बघत राहायचा, कारण ठाकुरवाडी यायची होती. वैनींनीही आपल्या परीनं तयारी केली. जुनी सुती लुगडी फाडून घड्या करून ठेवल्या. खाटेवर टाकायला मी निळं रेक्झिन आणलं आणि कडेनं टीप मारून दिलं.

पँटही शिवली. ती सैल ठेवली, आत मांजरपाटाचं दुहेरी अस्तर, त्यात पुढच्या बाजूला पॅड सरकवायला कप्पा, आणि पॅड बाहेरून उठून दिसू नये म्हणून वर दोन चुण्या. मी सांगतो, माझ्या हातून असं काम पुन्हा होणार नाही. दुकानातल्या पडद्यामागे सोमानं ती घातली, तीनदा प्रणाम केला, उठला, वळून दाखवलं. मग घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाला, "ही आता रियाच्या लग्नालाच."

ऑपरेशन नीट झालं. लघवीची नळी काढली त्या दिवशी मात्र सगळी तयारी वाहून गेली. अंगाला काही समजतच नव्हतं. उठला की पाय ओले, बसला की खाट ओली. पळसदरी म्हणायच्या आत गाडी खंडाळ्याला. मी भेटायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडला होता. "पद्या, आईनं धुतलं तेवढं पुरं होतं रं. आता हिला धुवाय लावतोय," म्हणाला आणि हुंदके देऊन रडला. वैनी बाहेर दोरीवर घड्या वाळत घालत होत्या, आणि शेजारीण विचारत होती, घरात बाळंतीण हाय का काय.

थोडा हिंडू-फिरू लागल्यावर तो स्वतः नेरळला मेडिकलमध्ये गेला. मोठ्यांचे डायपर मागायचे, तर दुकानात ओळखीची माणसं. यानं आयत्या वेळी सांगितलं, नातवाला पाहिजेत. दुकानदारानं वय विचारलं, यानं अडखळत वर्षाचा आहे म्हणून सांगितलं. घरात वर्षाचं पोर नाही. आणि ती रंगीबेरंगी अस्वलांची पुडी घेऊन हा माझ्याकडे आला, दोन जोडून एक करून दे म्हणून! मी त्याला वाट्टेल तसं बोललो. अख्ख्या तालुक्याला खोटं बोलू नका म्हणून शील देणारा तू, आणि मेडिकलवाल्याला घाबरतोस? पण दोन डायपर उसवून बघितलेच. जमले नाहीत. शेवटी मीच जाऊन मोठ्यांचे घेऊन आलो.

नंतर त्यानं पाणी पिणं सोडलं. टाकीत नसलं तर गळेल कशाला, असा हिशेब. लघवीची आग व्हायला लागली, ताप चढला, आणि डॉक्टरांनी त्याला लहान पोरासारखं झापलं. पाणी प्या, व्यायाम करा, घाई करू नका. घाई करू नका म्हणणाऱ्याला मे महिना कुठला माहीत असायला!

पण माणूस चिवट. होळीपर्यंत बसल्या जागी कोरडा राहू लागला. गुढीपाडव्याच्या सुमाराला चालतानाही. राहिलं ते प्रणाम करून उठताना, तेही थेंबभर. उठायच्या आधी आवळायचं आणि मगच गुडघा उचलायचा, ही युक्ती त्यानं पक्की केली. घाट उतरणारी गाडी मध्ये थांबवून ब्रेक तपासतात, तसंच हे, असं म्हणायचा. चेहऱ्यावर पुन्हा तजेला दिसू लागला.

एप्रिलमध्ये कशेळ्याकडच्या वाडीत एका घरी पुण्यानुमोदनाला त्याला बोलावलं. मी बरोबर गेलो. नवीन पँट घाल म्हटलं तर ऐकेना, ती लग्नाची. जुनीच घातली. त्यात त्याला सर्दी झालेली. तिसऱ्या प्रणामाला कपाळ टेकलं आणि खोकल्याची उबळ आली. उठला तेव्हा पांढऱ्या पँटवर पुढे तळहाताएवढा डाग होता.

सगळ्यांनी बघितला. सोमानंही खाली बघितलं. मग हात जोडून त्या माणसांना म्हणाला, "माझं आपरेशन झालंय. ताबा राहत नाय अजून. तुमची हरकत नसंल तर पुढं म्हणतो, नायतर माफी करा." कोणी हसलं नाही. ज्या बाईचा नवरा गेला होता ती आत गेली, नवऱ्याचं धुतलेलं पांढरं धोतर घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, हे नेसा. तुमीच म्हणा." तो नेसला आणि शेवटपर्यंत म्हणाला. मला त्या दिवशी सोमाचा जितका अभिमान वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता.

पण त्या बैठकीत नरेशचा मेहुणा बसला होता.

नरेश म्हणजे सोमाचा एकुलता एक मुलगा, नवी मुंबईत कंपनीत, राहायला नेरळच्या नव्या इमारतीत. पोरगा वाईट नाही. ऑपरेशनला रजा काढून पनवेलला बसून होता. चार दिवसांनी तो माझ्या दुकानात आला. जयभीम घातला, बसला, आणि बराच वेळ मोबाइल या हातातून त्या हातात करत राहिला.

"पदूकाका, बाबांना तुम्हीच समजवा. लग्नाला दुसरे बौद्धाचार्य बघतो मी."

"का?"

"तो लिकेजचा प्रॉब्लेम आहे ना. मेहुण्यानं सांगितलं सगळं. मुलाकडची माणसं शिकलेली आहेत, काका."

"म्हणजे ती मुतत नाहीत?"

तो लाल झाला. "स्टेजवर काही झालं तर? सगळं व्हिडिओत येतं. बाबांचंच हसं होईल."

मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, तुझ्या बापानं संक्रांतीपासून दुसरं काही केलेलं नाही. त्याला मी पँट शिवून दिलीय, त्यातून लोटा ओतला तरी बाहेर दिसणार नाही. आणि कशेळ्याला त्या माणसांनी त्याला उठवलं नाही, तू पोटचा असून उठवणार? समजवायचं असेल तर स्वतः जा आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांग. नरेश मान खाली घालून ऐकत होता. "बघतो," म्हणाला आणि गेला. मला वाटलं, विषय मिटला. बापाला तोंडावर सांगण्याची त्याची छाती नव्हती, हे मी बरोबर ओळखलं होतं. न सांगताही ते करता येतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

लग्नाच्या दिवशी मी सोमा आणि वैनींबरोबरच रिक्षानं हॉलवर गेलो. सोमानं नवी पँट घातली होती, वर कडक पांढरा सदरा. तीन-चार पावलं टाकून झाली की हात पुढच्या चुण्यांवर फिरवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचो, काही दिसत नाही. रिक्षात त्याचे ओठ हलत होते.

आत गेलो तर स्टेजवर प्रतिमांसमोर एक तरणा माणूस फुलं मांडत होता. पांढरे कपडे, गळ्याला छोटा माइक लावलेला. सोमाला आधी वाटलं, मदतीला आणलाय. "बरा हाय पोरगा," मला म्हणाला, "मेणबत्त्या नीट लावल्या." तेवढ्यात सूट घातलेला नरेश लगबगीनं आला.

"बाबा, हे कल्याणचे. विधी हे करतील. तुम्हाला त्रास नको. तुम्ही फक्त आशीर्वाद द्या. तुमच्यासाठी पुढे खुर्ची ठेवलीय."

सोमा त्याच्याकडे बघत राहिला. मागे मुलाकडची मंडळी येत होती, सनई लागली होती. मला वाटलं आता हा ओरडेल, आणि त्यानं ओरडावं असंच मला वाटत होतं. त्यानं चुण्यांवरून एकदा हात फिरवला आणि खुर्चीकडे वळला. पोरीच्या लग्नात तमाशा करायचा नाही, एवढंच त्याच्या तोंडावर दिसत होतं. वैनींनी पदर तोंडाला लावला.

पहिल्या रांगेत मऊ सोफे होते. टोकाला एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर पांढरी चादर घातलेली. सोमा बसला आणि खालून करकर आवाज आला. त्यानं चादरीचं टोक उचललं. खाली निळं रेक्झिन होतं, कडेला माझ्याच हातची टीप. घरातून, खाटेवरून काढून आणलं होतं. म्हणजे तयारी नरेशनंही केली होती.

मी संतापून उठायला लागलो तर सोमानं माझं मनगट धरलं. "बस रं," म्हणाला. "बस."

विधी सुरू झाला. सगळे प्रणामाला उभे राहिले. नरेशनं स्टेजवरून हातानं खूण केली, तुम्ही बसा. सोमा उठला. गालिच्यावर गुडघे टेकले, हात टेकले, कपाळ टेकलं. मी शेजारीच होतो. कल्याणचा माणूस माइकवर गाथा म्हणत होता, मागे सगळा हॉल म्हणत होता, आणि ज्यानं आयुष्यभर लोकांकडून ती म्हणून घेतली तो माझ्या बाजूला कपाळ टेकून पुटपुटत होता, पळसदरी, जामब्रुंग, ठाकुरवाडी. एकदा उठला. दुसऱ्यांदा उठला. तिसऱ्यांदा उठायला वेळ लागला, पण कोणाच्या हाताला हात न लावता उठला.

फुलं पडली, टाळ्या झाल्या, लोक जेवणाकडे वळले. सोमा संडासाकडे गेला, मी बाहेर उभा राहिलो. बाहेर आला तेव्हा हात पुसत होता.

"कोरडी हाय," म्हणाला. "पार कोरडी. एक थेंब नाय, पद्या."

 शिवलेलं काम उत्तम निघालं की टेलरला बरं वाटतं, पण त्या दिवशी एक डाग पडला असता तरी मला इतकं वाईट वाटलं नसतं.

आम्ही परत येऊन उभे राहतोय तोच रिया नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली. डोळे भरलेले. "आजोबा, तुम्ही का नाही लावलंत हो? पप्पा म्हणाले, तुम्हीच नको म्हणालात. मला एकदा सांगायचं तरी."

नरेश तिच्या मागेच होता. त्याचा चेहरा उतरला. सोमानं त्याच्याकडे बघितलं, मग नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"व्हय बाय. मीच नको बोल्लो. म्हातारा झालो आता." खोटं बोलताना या वेळी तो अडखळला नाही.

फोटोवाला म्हणाला, आजोबांसोबत एक घेऊ, सगळे जवळ या. सोमा म्हणाला, थांब जरा. खुर्चीवरची चादर त्यानं बाजूला केली. निळं रेक्झिन ओढून काढलं, दोन्ही हातांनी झटकलं, मांडीवर धरून नीट चौकोनी घडी घातली, आणि सगळ्यांसमोर नरेशच्या हातात ठेवली.

"जपून ठेव," तो म्हणाला. "बापाचं दुखणं पोरालाबी येतं, डाक्टर बोल्लाय. तुला लागंल."

नरेशनं ती घडी पोटाशी धरली. फोटोवाल्यानं सगळ्यांना इकडे बघायला सांगितलं.